सातपैकी शून्य

११ जाने., रविवार

दिवसभर धुकं. हीटर पायाशी घेऊन बसले आणि विद्यापीठाच्या सर्व्हेच्या अहवालाचं शेवटचं प्रकरण संपवलं. निष्कर्ष थोडक्यात असा: सीमेपलीकडे सैन्य पाठवायला ज्यांचा विरोध आहे त्यांना या विषयातली माहिती कमी आहे. ज्यांना माहिती जास्त त्यांचा पाठिंबाही जास्त.

मला उलटं निघेल असं वाटलं होतं. खरं तर उलटं निघावं अशी इच्छाच होती, इथे लिहायला काय हरकत आहे. माझा स्वतःचा विरोध आहे. धाकटा भाऊ अभय सैन्यात, नियंत्रण रेषेवर बसलेला असताना दुसरं काय असणार. पण हातात आलेलं लिहायचं, आपल्याला हवं ते नाही, हे विद्यार्थ्यांना वीस वर्षं सांगत आलेय. स्वतःवर वेळ आली तर मागे कशी सरू? लिहून टाकलं. थोडा अभिमानही वाटला.

सुहासला वाचून दाखवलं. सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलमधून ड्यूटी करून आलेला, डोळे मिटलेले. म्हणाला, "म्हणजे आपण नवराबायको अडाणी." आणि झोपला.

१४ जाने., संक्रांत

वैशूकडे हळदीकुंकू. अभय फील्डवर गेल्यापासून माझी ही भावजय रेवाला घेऊन इथल्या आर्मी क्वार्टर्समध्ये राहते. ती सगळी इमारतच तशी, नवरे पुढे आणि बायकामुलं इथे. माझ्या सर्व्हेतला सैनिक कुटुंबांचा गट वैशूमुळेच मिळाला. तिने ओळखी करून दिल्या आणि माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी हरलीन घरोघर जाऊन फॉर्म भरून आली. वैशूचाही भरला. मी नात्यातली, म्हणून मुद्दाम लांब राहिले.

वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या. पंजाबी, गढवाली, तमिळ, सगळ्या आल्या होत्या, हौसेने कुंकू लावून घेत होत्या. गप्पा सगळ्या भाजी, शाळेची बस, गीझर. नवऱ्याचं नाव एकीनेही काढलं नाही. मी एकीला विचारलं, साहेब कुठे आहेत सध्या? "पता नहीं जी. आप तिलगुड़ और लो ना." वैशूला विचारलं, अभयचा फोन कधी आला होता? "माहीत नाही ओ ताई, लक्षात नाही." नवऱ्याचा फोन कधी आला ते लक्षात नाही म्हणते ही बाई. मला रागच आला. येताना गाळणी तिथेच विसरले.

१९ जाने., सोम.

सीमेवर परवा जो हल्ला झाला त्यानंतर सगळ्यांची डोकी गरम आहेत, आणि नेमका आजच अहवाल बाहेर पडला. आमचे एचओडी सर खूश. खोलीत बोलावून चहा पाजला. "मॅडम जी, ये तो सीधी हेडलाइन है." मी म्हटलं, सर, हा एका शहराचा सर्व्हे आहे, जपून बोलू. "हाँ हाँ, बिल्कुल." संध्याकाळी चॅनेलवर दिसले, नवा कोट घालून.

२० जाने.

वर्तमानपत्रातला मथळा: ‘युद्ध नको म्हणणाऱ्यांना युद्धाचं काहीच ठाऊक नाही’. माझ्या वाक्यात ‘युद्ध’ हा शब्द नव्हता. ‘काहीच’ तर नव्हताच.

टीव्हीवर एक निवेदक आमचा अहवाल हातात धरून ओरडत होता, यांना रेषा कुठे आहे ते दाखवता येत नाही आणि हे आम्हाला शांतता शिकवणार. स्टाफरूममध्ये टाळ्या. मला अभिनंदनाचे मेसेज. अकोल्याहून काकांचा पण, "शाबास". वैशूचा काही नाही.

२३ जाने., शुक्र.

आज जे कळलं ते नीट लिहून ठेवते.

हरलीन फेरतपासणी करत होती. ही आमची नेहमीची पद्धत, काही फॉर्म निवडून त्या लोकांना पुन्हा फोन करायचा आणि खरंच मुलाखत झाली होती ना ते बघायचं. दुपारी एक फॉर्म घेऊन आली. "मॅम, ये देखिए. अजीब है." सैनिक कुटुंब. माहितीचे सात प्रश्न, सातही उत्तरं मा. ना. आम्ही ‘माहीत नाही’ असंच लिहितो फॉर्मवर, मा. ना. नियंत्रण रेषा कुठून कुठे जाते, मा. ना. कुठल्या नद्यांच्या पाण्याचा करार आहे, मा. ना. सातपैकी शून्य. आणि वर व्यवसायाच्या रकान्यात हरलीनच्याच अक्षरात: शिक्षिका, भूगोल, नववी-दहावी.

मी त्या गटाचे सगळे फॉर्म काढले. जमिनीवर मांडले. जवळजवळ सगळ्यांवर तेच. संरक्षण मंत्रालय कोणाकडे आहे, मा. ना. एम.ए. झालेल्या बायका, रोज पेपर वाचणाऱ्या, आणि संरक्षण मंत्री माहीत नाही? आणि खाली शेवटचा प्रश्न, सैन्य पाठवावं का, त्याला मात्र एकेकीचं स्वच्छ उत्तर. नको. नको. मुळीच नको.

मी हे सगळं अज्ञान म्हणून धरलं. मा. ना. म्हणजे शून्य गुण, नियमच तसा आहे, आणि मी नियम लावला. फॉर्म न वाचता लावला. हळदीकुंकवाला माझ्या तोंडावर ‘पता नहीं जी’ म्हणून झालं होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो गट बाजूला काढून पुन्हा हिशेब मांडला. निष्कर्ष उरतच नाही. विरोध करणाऱ्यांना बाकीच्यांइतकंच माहीत आहे, उलट थोडं जास्तच. अख्खा अहवाल त्या इमारतीतल्या बायकांच्या गप्प बसण्यावर उभा आहे.

वैशूला फोन केला. उद्या येते म्हणाले.

२४ जाने., शनि.

वै. मटार सोलत होती. रेवा गृहपाठाला बसलेली. मी सरळ विचारलं, तुला संरक्षण मंत्री कोण ते माहीत नाही?

"माहीत आहे की."

मग?

"कागद-पेन घेऊन दारात कोणी आलं आणि बॉर्डरचं विचारलं, की पता नहीं. लग्न होऊन आले ना, त्याच आठवड्यात शिकवलं मला सीनियर बायकांनी. कामवालीने विचारलं साहेब कुठे, पता नहीं. आईने विचारलं, पता नहीं. मागच्या महिन्यात परत सगळ्यांना बोलावून सांगितलं."

अगं पण हे शाळेच्या पुस्तकातलं आहे.

"असेल. पण ताई, पुस्तकातलं कुठलं आणि त्याच्याकडून कानावर पडलेलं कुठलं, ते मला आता वेगळं काढता येत नाही. मग सगळंच माहीत नाही म्हणायचं. सोपं पडतं."

आणि शेवटच्या प्रश्नाला का उत्तर दिलंस?

"ते मत होतं ना. मत तर माझंच आहे."

मी म्हटलं, मी दुरुस्ती छापायला लावते. तिचा हात थांबला. "काय लिहिणार तुम्ही त्यात?" हेच, की या बायकांना माहीत होतं, पण त्या बोलल्या नाहीत. "म्हणजे आम्ही खोटं बोललो. आणि आम्हाला काय काय माहीत आहे याची चौकशी. कोणी सांगितलं, कधी, कुठल्या फोनवर. ताई, तुम्ही आमच्या घरात बसून हे करू नका. पाया पडते." खरंच वाकली. मी तिला धरलं.

ती मला वरचेवर "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता" म्हणत होती. टीव्हीवर तिला अडाणी म्हणतात, तेही माझ्या सहीने, आणि समजूत ती माझी घालते. लाज वाटली. अजून वाटतेय.

२७ जाने., मंगळ.

एचओडींकडे गेले. सांगितलं, त्या गटाचे गुण विश्वासार्ह नाहीत, निष्कर्ष मागे घ्यायला हवा. ते माणूस वाईट नाहीत, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक है, वजह लिख दीजिए." कारण नाही लिहिता येणार. "मॅडम जी, बिना वजह पूरा ग्रुप कैसे हटाएँ? कल कोई कहेगा आपको रिज़ल्ट पसंद नहीं आया. आपके भाई भी तो..." वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती.

मीच त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं.

३१ जाने.

वर्तमानपत्राच्या त्या बातमीदाराला फोन केला. चूक झाली आहे म्हणाले. तो उत्साहात, "कौन सी गलती मॅम?" ते नाही सांगता येणार, म्हटलं. "किसी का प्रेशर है क्या?" नाही नाही. "तो फिर?" फोन ठेवला. आता त्याला काय वाटेल देव जाणे.

तिकडे कुठल्याशा चर्चेत एक निवृत्त गृहस्थ ठासून सांगत होते, जाणकार जनता कारवाईच्या बाजूने आहे, विद्यापीठाचा अभ्यास आहे. ‘जाणकार’ हा माझा शब्द. तीनदा बदलून, विचार करून ठेवलेला.

सु. म्हणतो, तुझ्या अहवालाने काही होत नसतं, त्यांना जे करायचंय ते करणारच. समजूत म्हणून बोलला. मला त्याने जास्तच बुडाल्यासारखं झालं. काही होत नसेल तर मी वीस वर्षं काय करतेय, आणि होत असेल तर

राहू दे.

३ फेब्रु., मंगळ.

अभयचा फोन. माझ्या मोबाइलवर, दुपारी, तास चालू असताना. वर्गाबाहेर जाऊन घेतला. अकोल्याच्या बोलीत सुरू झाला, चिडवायचं असलं की तसाच बोलतो. "काऊन वं ताई, माह्या बायकोले अडाणी ठरोलं म्हने तुनं?" त्यांच्या मेसमध्ये पेपर पोचला होता. खूप हसला. मी रडायला लागले तर म्हणाला, "ये येडे, गंमत केली." मग नीट मराठीत, "वैशूकडे जात जा जरा. काही दिवस माझा फोन नसेल." किती दिवस? "ताई." बस, एवढंच. मीही पुढे विचारलं नाही. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील.

परत वर्गात गेले. फळ्यावर माझंच अर्धं वाक्य होतं. पुढे काय लिहायचं होतं ते आठवेना, मुलांना सोडून दिलं.

५ फेब्रु., गुरु.

सकाळी उठलो तेव्हा सुरू झालेलं होतं. सैन्य पलीकडे गेलं.

सु.ची रजा रद्द. हॉस्पिटलमध्ये वॉर्ड रिकामे करून ठेवायचे हुकूम, जे चालू शकतात त्यांना घरी पाठवताहेत. सेक्टरच्या मार्केटमध्ये लाडू वाटत होते, ढोल होता. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली, "आज तो खुशी का दिन है बीबी जी." स्टाफरूममध्ये बर्फी. एचओडींनी स्वतः माझ्यापुढे बॉक्स धरला. घेतली. खाल्लीही. नाही म्हणायला तोंड कुठे होतं मला?

संध्याकाळी सातला भोंगा, दिवे बंद. पडदे ओढून मी एकटी.

८ फेब्रु., रवि.

सु. हॉस्पिटलातच राहतोय, म्हणून शुक्रवारपासून वैशूकडे आहे. टीव्ही बंद. ती सारखी काहीतरी शिजवते आणि आम्ही तिघी खात नाही.

रेवा आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत. शाळेत काय ऐकलं होतं कोण जाणे, आज मला म्हणते, "आत्या, टीवी में बोला ना कि मम्मा लोगों को कुछ नहीं पता. किसने बोला था?" वैशू ओट्यापाशी होती. तिने मागे वळून पाहिलंही नाही. मी सांगितलं, मी बोलले होते. "क्यों?" मला नीट विचारता आलं नाही म्हणून. "सॉरी बोल दो फिर."

वैशूला सॉरी म्हणाले, रेवासमोर. "काय ओ ताई," एवढंच म्हणाली आणि कढईत पाणी सोडलं.

१० फेब्रु., मंगळ.

एचओडींनी दुसरी फेरी काढली आहे. तेच लोक, तेच प्रश्न, शेवटचा फक्त बदललेला: सुरू असलेल्या कारवाईला आपला पाठिंबा आहे का. सोमवारपर्यंत फॉर्म हवेत. मी नाही म्हणणार होते. पाय दारात असताना सुचलं, हीच संधी आहे. या वेळी त्या बायकांनी पुस्तकातल्या प्रश्नांची खरी उत्तरं दिली तर गुण आपोआप वर जातील, ‘नको’ खाली तसंच राहील, आणि पहिला निष्कर्ष स्वतःच पडेल. कोणाला काही सांगायला नको, कोणाची चौकशी नको. हो म्हणाले.

संध्याकाळी वैशूला सांगितलं. फक्त शाळेत शिकलेलं सांगा गं, बाकी काही नको, मग मला सगळं सुधारता येईल. तिने बराच वेळ रेवाची वेणी घातली. मग म्हणाली, "बरं. मी बोलते सगळ्यांशी."

उत्तर देणाऱ्याला आधी जाऊन पढवायचं, हे विद्यार्थ्याने केलं असतं तर मी त्याचं नाव काढून टाकलं असतं. मी केलं. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

१२ फेब्रु.

हरलीन तयार नाही. "मॅम, आपने उनको पहले से बोल दिया, तो मैं पूछने किस लिए जाऊँ?" बरोबर आहे पोरीचं. चांगली शिकवली मीच तिला. उद्या मी स्वतः जाते.

अभयचा फोन नाही. पेपरात आता रोज नावं येतात. वै. पेपर घडी घालून ट्रंकेत ठेवते, उघडत नाही. मी विद्यापीठात जाऊन वाचते.

१३ फेब्रु., शुक्र.

सकाळी अकराला सुरुवात, पहिली वैशूच. डायनिंग टेबलवर समोरासमोर. चांगली साडी नेसून बसली होती, कोणी पाहुणे यायचे असल्यासारखी. मी प्रश्न वाचत गेले.

रेषा कुठून कुठे जाते. सांगितलं, न अडखळता. नद्या. सांगितल्या, उगमासकट. मंत्रालय. सैन्य बाहेर पाठवायचा निर्णय कोण घेतं. सात झाले, सातही बरोबर. माझ्या वर्गात इतकं नीट कोणी सांगत नाही. मला इतका आनंद झाला की मी तिचा हात दाबला, जे मुलाखतीत करायचं नसतं.

मग शेवटचा. सुरू असलेल्या कारवाईला आपला पाठिंबा आहे का?

"पूर्ण पाठिंबा."

मला वाटलं तिची गडबड झाली. म्हटलं, वैशू, हा माहितीचा नाही, हा मताचा आहे. इथे तुला वाटतं तेच सांग.

"तेच सांगतेय. पूर्ण. लिहा तुम्ही."

मागच्या वेळी तू मुळीच नको म्हणाली होतीस.

"मागच्या वेळी तो अलीकडे होता, ताई."

म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं काय बोलली ते. पांढरी फटक पडली. इतक्या वर्षांत कामवालीला नाही, आईला नाही, आणि माझ्यासमोर कागद असताना निघून गेलं तोंडातून. "हे लिहू नका." नाही लिहीत. "शपथ घ्या." घेतली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "तो तिकडे असताना मी इथे बसून नको म्हणू? कुठल्या तोंडाने म्हणू? लोकांनी पाठिंबा काढला आणि मागून रसद गेलीच नाही त्यांना तर?"

मी लिहिलं. पूर्ण पाठिंबा.

नंतर शेजारच्या चार घरी गेले. भूगोलाच्या बाई त्यातच. सगळ्यांची सातपैकी सात किंवा सहा. सगळ्यांचा पूर्ण पाठिंबा. कोणी रडलं नाही. चहा दिला. पुढच्या घरांना गेलेच नाही.

आता खोडायला काहीच उरलं नाही. पहिल्या वेळी चूक माझी होती, ती दाखवता तरी आली असती. या वेळी उत्तरं खरी आहेत. जाणकार आहेत, बाजूने आहेत. सरांचा मथळा तयार आहे, आणि तो मी माझ्या पायांनी घरोघर जाऊन गोळा केला.

१४ फेब्रु., शनि.

अभयचा फोन नाही. आजचा अकरावा दिवस.

पाचही फॉर्म पर्समध्ये. एचओडींचा मेसेज, "कैसा रहा?" उत्तर दिलेलं नाही. सोमवारी द्यायचे आहेत. नाही दिले तर का नाही, ते सांगावं लागेल. फाडून टाकायचे म्हटलं तर वैशूने त्या सात उत्तरांसाठी काय मोडलं ते मला माहीत आहे.

तो अलीकडे होता, हे तिचं वाक्य मी काल इथे लिहिलं. शपथ घेतली होती तरी लिहिलं. आता त्यावर पेन फिरवायला घेतलंय. वै. बाहेरच्या खोलीत फोन मांडीवर घेऊन बसली आहे.